मिसिंगचं संगीत

आपल्याकडच्या गॅरेजात 'गाडी मिसिंग मारतेय' हे वाक्य तक्रार म्हणून उच्चारलं जातं. सिग्नलला उभं असलेलं इंजिन एका लयीत चालायचं सोडून मध्येच ठोका गाळतं, दचकतं, बंद पडेलसं वाटतं आणि पुन्हा सावरतं. मग मेकॅनिक प्लग काढतो, कार्बोरेटर साफ करतो, स्लो थोडा वाढवून बघतो. ठोके सारखे पडायला लागले की गाडी बरी झाली.

अमेरिकेत मात्र नेमका हाच आवाज यावा म्हणून लोक पैसे मोजतात. जुन्या व्ही-८ इंजिनाची गाडी उभी असताना जी अडखळत, लंगडत, गुडगुडत चालते, त्याला तिथे 'लोप' म्हणतात. घोडा रमतगमत दौडतो त्या चालीला इंग्रजीत हा शब्द आहे. या आवाजाचे चाहते आहेत, त्याच्या ध्वनिफिती आहेत, आणि केवळ तो यावा म्हणून घासलेले कॅमशाफ्टही बाजारात मिळतात. मी स्वतः पुण्यात मेकॅनिकल शिकलो आणि नंतर मिशिगनमध्ये काही वर्षं इंजिनं 'कॅलिब्रेट' करण्याची नोकरी केली. म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन कमीत कमी थरथरावं, धूर कमीत कमी यावा, यासाठी संगणकातले आकडे इकडचे तिकडे करणं. दिवसभर ज्या आवाजाचा बंदोबस्त करायचा, तोच आवाज शनिवारी संध्याकाळी रस्त्यावर ऐकू आला की मी थांबून ऐकायचो. या विसंगतीचा इतिहास काय, हे शोधताना एका कोनापाशी येऊन पोचलो. त्या कोनाची ही गोष्ट.

कोन कसला?

इथे थोडं तांत्रिक होणं भाग आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात पिस्टन खाली जाताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत ओढतो, वर येताना ते दाबतो, ठिणगी पडली की स्फोटाच्या जोरानं खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर लोटतो. आत येण्याचा एक व्हॉल्व्ह, बाहेर जाण्याचा दुसरा. ते कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे ठरवतो कॅमशाफ्ट. हा एक लांब दांडा; त्यावर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी अंड्याच्या आकाराचा एक उंचवटा. या उंचवट्याला लोब म्हणतात. दांडा फिरतो, लोबचं टोक टॅपेटला वर ढकलतं, व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो.

आता एकाच सिलिंडरचे दोन लोब घ्या, एक आत येण्याच्या व्हॉल्व्हचा, एक बाहेर जाण्याच्या. या दोघांच्या शिखरांमध्ये दांड्याभोवती जो कोन पडतो, तो 'लोब सेपरेशन अँगल'. आपण त्याला लोबांमधलं अंतर म्हणू, फक्त ते अंशांत मोजायचं.

पुस्तकी इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह पिस्टनच्या एकाच फेरीपुरता, म्हणजे क्रँकचे १८० अंश उघडा राहील. तसं असतं तर दोन शिखरांमध्ये क्रँकचे १८० आणि कॅमचे ९० अंश पडले असते, आणि एक व्हॉल्व्ह मिटला की त्याच क्षणी दुसरा उघडला असता. पण हवेला वजन असतं. ती लगेच निघत नाही आणि निघाली की लगेच थांबत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये दार उघडण्याआधीपासून माणसं दाराकडे सरकायला लागतात, तसंच काहीसं. म्हणून व्हॉल्व्ह लवकर उघडतात आणि उशिरा मिटतात. साधारण २६० ते ३०० अंश उघडे असतात. याचा परिणाम असा, की जळका वायू बाहेर जाण्याचं दार मिटायच्या आतच नव्या हवेचं दार उघडतं. काही काळ दोन्ही दारं एकदम उघडी. हा 'ओव्हरलॅप'. जुने कॅमवाले गमतीनं त्याला चार टप्प्यांच्या इंजिनाचा पाचवा टप्पा म्हणत.

हिशोब सोपा आहे. दोन्ही व्हॉल्व्ह २८० अंश उघडे राहत असतील आणि लोबांमधला कोन ११० असेल, तर ओव्हरलॅप ६० अंशांचा. कोन ११४ केला तर ५२. कोन १०६ केला तर ६८. म्हणजे कोन एका अंशानं कमी केला की दोन्ही दारं एकदम उघडी असण्याचा काळ क्रँकच्या दोन अंशांनी वाढतो. दांड्यावर डोळ्यांना न दिसणारा फरक, पण सगळ्या इंजिनाचा स्वभाव बदलतो.

तो कसा? इंजिन जोरात फिरत असतं तेव्हा बाहेर जाणारा वायू इतक्या वेगात असतो, की तो आपल्यामागे पोकळी सोडून जातो. त्या क्षणी दुसरं दार उघडं असेल, तर ती पोकळी नव्या मिश्रणाला आत खेचते, पिस्टन खाली जायला लागण्याच्याही आधी. सिलिंडर जास्त भरतो, ताकद वाढते. शिवाय व्हॉल्व्ह तेवढेच अंश उघडे ठेवून कोन कमी केला, की आत येण्याचं दार लवकर मिटतं, त्यामुळे भरलेलं मिश्रण परत बाहेर निसटत नाही. आणि बाहेरचं दार उशिरा उघडतं, म्हणून स्फोटाचा जोर पिस्टनवर जास्त वेळ राहतो. मधल्या वेगात गाडी चांगला दणका देते. त्याची किंमत अशी, की हा जोर एका पट्ट्यात एकवटतो आणि शिखरानंतर पटकन उतरतो. कोन मोठा ठेवला तर शिखर थोडं बुटकं, पण पठार लांबरुंद.

आणि इंजिन हळू फिरत असतं तेव्हा? तेव्हा सगळंच उलटं होतं. पाय ॲक्सिलरेटरवर नाही, थ्रॉटल जवळजवळ मिटलेला. आत येण्याच्या मार्गात निर्वात, बाहेरच्या मार्गात वातावरणाचा दाब. अशा वेळी दोन्ही दारं एकदम उघडली तर जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी मागे फिरतो आणि नव्या मिश्रणात मिसळतो. हे पातळ मिश्रण धड पेटत नाही. न पेटलेलं बाहेर ढकललं जातं. पुढच्या खेपेला सिलिंडरमध्ये जळका वायू कमी, म्हणून तेव्हाचा स्फोट जोरदार. एक कमकुवत, एक दणकट, कुठे एक गाळलेला, आणि आठ सिलिंडरांमध्ये हे आपापल्या मर्जीनं चाललेलं. तो लोप.

व्ही-८ची मूळची गुडगुड मात्र कॅमची नाही, क्रँकची आहे. शेवरलेच्या व्ही-८मध्ये सिलिंडर १-८-४-३-६-५-७-२ या क्रमानं पेटतात. विषम आकडे एका बाजूला, सम दुसऱ्या. एकाच बाजूचे ठोके मोजले तर त्यांच्यामध्ये २७०, १८०, ९०, १८० अंशांची अंतरं पडतात. म्हणजे प्रत्येक बाजूच्या सायलेन्सरमधून येणारा ताल मुळातच विषम. कॅमचा लोप त्यावर स्वार होतो. आपल्या जुन्या बुलेटची डुगडुग तर या दोन्हींहून वेगळी. तिथे एकच सिलिंडर, जड फ्लायव्हील, लांब स्ट्रोक. आणि कास्ट आयर्न बुलेटमध्ये दोन व्हॉल्व्हना दोन वेगळे कॅम, त्यामुळे एका दांड्यावर कोरलेला कोन असा प्रकारच नाही. आपण ज्याला 'बुलेटचा आवाज' म्हणतो तो बराचसा हळू आणि मोजता येणाऱ्या ठोक्यांचा आवाज आहे. ठोका गाळण्याचा नाही.

घासणारे लोक

या कोनाशी खेळायला सुरुवात मोठ्या कंपन्यांनी केली नाही. ती केली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी.

१९३२ साली फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. ६५ अश्वशक्तीचं. काही वर्षांत या गाड्या सेकंडहँड झाल्या आणि तरुणांच्या हाती पडल्या. मडगार्ड काढायचे, हूड काढायचा, इंजिनाशी छेडछाड करायची आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेला वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर जाऊन घड्याळ लावून गाडी पळवायची, असा हा खेळ. यातला सर्वांत गूढ भाग म्हणजे कॅम. हेड घासणं, कार्बोरेटर वाढवणं कुणालाही जमे. कॅम घासायला यंत्र लागे आणि डोकंही.

या विद्येतलं आद्य नाव एड विनफिल्डचं. कार्बोरेटर बनवणारा, कॅम घासणारा, फारसा कुणात न मिसळणारा माणूस. त्याच्या कॅमची ख्याती त्या पोरांमध्ये दंतकथेसारखी पसरलेली होती. त्याच्या प्रभावाखाली वाढलेला एक मुलगा म्हणजे एड इस्केंडेरियन. आईबाप आर्मेनियन, जन्म १९२१चा, कॅलिफोर्नियातल्या कटलर गावचा. वाढला लॉस एंजेलिसमध्ये. जुन्या टी-मॉडेलच्या सांगाड्यात व्ही-८ बसवून त्यानं १९४२मध्ये एल मिराज तळ्यावर ताशी १२० मैलांचा वेग गाठला. मग युद्ध, हवाईदलातली नोकरी. परत आला तेव्हा तळ्यांवर झुंबड उडालेली. सैन्यातून सुटलेली पोरं, हातात पैसा, यंत्रांची सवय. कॅमना मागणी इतकी, की ऑर्डर देऊन वाट बघत बसावं लागे. इस्केंडेरियननं एक ग्राइंडर विकत घेतलं, त्यात स्वतः बदल केले आणि १९४६मध्ये कॅम घासायचा धंदा सुरू केला. १९४८च्या जूनमध्ये 'हॉट रॉड' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याची गाडी झळकली. मासिक तेव्हा सहा महिन्यांचं होतं.

कॅम घासणं म्हणजे काय, हे समजलं की कोनाचं महत्त्व जास्त कळतं. बहुतेक जण कारखान्यातला मूळ कॅमच परत घासत. लोबचा गोल भाग घासून बारीक केला की टोक त्या मानानं उंच होतं. व्हॉल्व्ह जास्त उघडतो. पण धातू घालवता येतो, आणता येत नाही. दोन लोब एकमेकांजवळ सरकवायचे तर तिथे मुळात लोखंड हवं. म्हणून जुन्या कॅममध्ये कोन थोड्याच अंशांनी बदलता येई. त्याहून जास्त हवं असेल तर लोबांवर वेल्डिंगनं धातू चढवून नव्यानं घासायचं, किंवा कोऱ्या दांड्यापासून सुरुवात करायची. आणि एकदा घासला की विषय संपला. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून परत आणता येतो. कॅमवरचा कोन दगडावरच्या रेषेसारखा. चुकला तर नवा दांडा.

या लोकांकडे इंजिनाच्या आतला दाब मोजायची साधनं नव्हती. घासा, बसवा, तळ्यावर न्या, घड्याळ बघा, परत या. पण घड्याळाच्याही आधी एक खूण मिळे: उभ्या गाडीचा आवाज. कॅम जितका जहाल, तितकी गाडी उभी असताना लंगडी. त्यामुळे काय झालं, की मुळात जो दुष्परिणाम होता तो गुणवत्तेचा दाखला बनला. सिग्नलला शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या गाडीचा हूड उघडून बघता येत नाही, पण आवाज ऐकू येतो. तो अडखळत असेल तर समजायचं, हिच्या नादी लागू नये. लोप ही त्या रस्त्यावरची मूक धमकी होती, जरी ती मूक नसली तरी.

कारखान्यात शिरलेला लंगडा

रस्त्यावरची ही विद्या डेट्रॉइटमध्ये शिरली ती झोरा आर्कुस-डुंटॉव्हच्या हातून. ब्रसेल्समध्ये जन्मलेला, रशियात वाढलेला, बर्लिनला शिकलेला ज्यू इंजिनिअर, युद्धात युरोपातून निसटून अमेरिकेत आला. भावाबरोबर त्यानं फोर्डच्या व्ही-८साठी 'आर्डुन' नावाची हेडं बनवली होती, म्हणजे हॉट रॉडवाल्यांशी ओळख जुनीच. १९५३मध्ये तो जनरल मोटर्समध्ये लागला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यानं वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. सार असं, की ही सगळी पोरं फोर्डवर वाढतात, फोर्डची मासिकं वाचतात आणि पैसे आले की पुन्हा फोर्डच घेतात. त्यांना आपल्याकडे वळवायचं तर वेगाचे सुटे भाग कंपनीनं स्वतःच विकायला हवेत.

१९५५मध्ये शेवरलेचं नवं, आटोपशीर व्ही-८ आलं. डुंटॉव्हनं त्यासाठी कॅम आखला आणि १९५६च्या सुरुवातीला डेटोना बीचच्या वाळूवर कॉर्व्हेट ताशी १५० मैलांच्या पुढे नेली. हा 'डुंटॉव्ह कॅम' कंपनीच्या अधिकृत यादीत आला. ज्या गोष्टीसाठी इस्केंडेरियनच्या दाराशी रांग लावावी लागे, ती आता डीलरकडे सुट्या भागांच्या क्रमांकानं मिळू लागली.

त्यानंतरचा गाजलेला कॅम १९६४चा. टॅपेटमध्ये ठेवायची फट दोन्हीकडे इंचाचा ३० हजारांश, म्हणून त्याचं नाव पडलं 'थर्टी-थर्टी'. १९६७ ते १९६९च्या कमारो झी/२८मध्ये हाच होता. शर्यतीच्या नियमांत बसावं म्हणून ३०२ घनइंचांचं केलेलं, खूप वर फिरणारं इंजिन. या कॅममध्ये लोबांमधला कोन आहे ११४ अंश. म्हणजे पुस्तकाप्रमाणे सौम्य, सभ्य कोन. तरीही ती गाडी उभ्या उभ्या लंगडते, कारण व्हॉल्व्ह इतका जास्त वेळ उघडे राहतात की कोन रुंद असूनही ओव्हरलॅप भरपूर उरतो.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. कोन लहान म्हणजे आवाज लंगडा, हे अर्धसत्य आहे. खरा कारभारी ओव्हरलॅप, आणि तो कोन व कालावधी या दोघांच्या संसारातून येतो. ब्रिटनमध्ये सुरुवात करून पुढे अमेरिकेत नाव कमावलेला डेव्हिड विझार्ड गेली अनेक वर्षं सांगतो आहे, की लोक कालावधी आधी निवडतात आणि कोन जो मिळेल तो घेतात. खरं तर आधी कोन ठरवायला हवा. सिलिंडर मोठा आणि व्हॉल्व्ह त्या मानानं लहान असेल तर कोन कमी लागतो, कारण अरुंद दारातून जास्त हवा आणायची तर पोकळीची मदत जास्त हवी. उलट टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर कोन मोठा, नाहीतर दाबानं भरलेलं मिश्रण एका दारातून आत येऊन सरळ दुसऱ्या दारानं निघून जातं.

घरच्या वापराच्या गाडीत जहाल कॅम घातल्याचे परिणामही ठाऊक असावेत. साध्या इंजिनाच्या मार्गात उभ्या गाडीला पाऱ्याच्या १८ ते २० इंचांचा निर्वात असतो. जहाल कॅमनं तो दहाच्या खाली उतरतो. ब्रेकचा बूस्टर याच निर्वातावर चालतो. म्हणजे जी गाडी जास्त पळायला लागली, तिचाच ब्रेक दगडासारखा कडक होतो.

त्याच शहरातला दुसरा माणूस

आता इतिहासाचा दुसरा धागा. तोही लॉस एंजेलिसचाच आहे, आणि हॉट रॉडच्या पुस्तकांत तो सहसा येत नाही.

१९४३च्या २६ जुलैला शहरावर असा धुरकट पडदा उतरला, की लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. युद्धाचे दिवस, जपाननं विषारी वायू सोडला अशी भीतीही काहींना वाटली. मग संशय गेला कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर. कारखाना बंद केला तरी धुरकं येतच राहिलं.

त्याच शहराजवळ, पॅसाडेनातल्या कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मित हा डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. फळांच्या वासातले सूक्ष्म घटक पकडायची त्याची साधनं त्यानं बाहेरच्या हवेवर रोखली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं दाखवून दिलं, की हे धुरकं कुणा एका चिमणीतून येत नाही. ते हवेतच तयार होतं. न जळलेल्या पेट्रोलचे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात एकमेकांशी भिडतात आणि ओझोन तयार होतो. हायड्रोकार्बन येतात तेलशुद्धीकरणातून आणि शहरातल्या लाखो गाड्यांमधून. तेल उद्योगानं पैसे दिलेल्या शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. तो मागे हटला नाही. १९६७मध्ये कॅलिफोर्नियाचं हवा संसाधन मंडळ स्थापन झालं, तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष हागेन-स्मित होता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकाच शहरात, एकाच काळात, एकीकडे स्थलांतरितांचा मुलगा दोन्ही दारं एकदम उघडी ठेवायची कला विकतो आहे, आणि दुसरीकडे स्वतः स्थलांतरित असलेला माणूस त्या दारांतून निसटलेल्या न जळलेल्या पेट्रोलचं पुढे काय होतं ते शोधतो आहे. लंगडत्या आवाजातला प्रत्येक गाळलेला ठोका म्हणजे न पेटता बाहेर पडलेलं मिश्रण. लोप म्हणजे हायड्रोकार्बनचा आवाज. धुरक्याला हॉट रॉडवाली मूठभर पोरं जबाबदार नव्हती, हे उघड आहे; तो भार लाखो साध्या गाड्यांचा होता. पण धुरकं आणि लोप यांचं रसायन एकच.

१९६६च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियानं सायलेन्सरच्या धुरावर मर्यादा घातल्या. १९७०च्या शेवटच्या दिवशी निक्सननं क्लीन एअर ॲक्टवर सही केली. हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड १९७५पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा, असा हुकूम. कंपन्यांनी कम्प्रेशन उतरवलं, ठिणगी उशिरा पाडली, मिश्रण पातळ केलं आणि कॅम सौम्य केले. १९७०च्या कॉर्व्हेटमधलं एलटी-१ इंजिन ३७० अश्वशक्तीचं म्हणून विकलं गेलं. १९७५च्या कॉर्व्हेटचं त्याच आकाराचं मूळ इंजिन १६५चं. (मधल्या काळात मोजायची पद्धतही कडक झाली, त्यामुळे दिसते तेवढी घसरण खरी नाही, पण घसरण होती.) १९६३मध्ये वेगाच्या सुट्या भागांच्या उत्पादकांनी संघटना काढली होती, पहिला अध्यक्ष एड इस्केंडेरियन. तिच्या नावात आधी 'स्पीड' हा शब्द होता. पुढे तो जाऊन 'स्पेशॅल्टी' आला. काळ कुठे चालला आहे, ते व्यापाऱ्यांना बरोबर कळतं.

कोन मोकळा होतो

यापुढची तीस वर्षं इंजिनिअरांनी जे केलं, त्याची स्तुती फारशी होत नाही. फ्युएल इंजेक्शन आलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, हेडमधले हवेचे मार्ग सुधारले. मार्ग चांगला असेल तर ओव्हरलॅपच्या पोकळीवर तितकं अवलंबून राहावं लागत नाही. १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस घराण्याच्या इंजिनांत लोबांमधला कोन ११५ अंशांच्या पुढेच राहिला, आणि तरी ती इंजिनं साठच्या दशकातल्या बहुतेक दादा गाड्यांना मागे टाकत. उभी असताना आवाज शिवणयंत्रासारखा.

आणि दगडावरची रेषा हलवायची युक्तीही सापडली. दोन व्हॉल्व्हसाठी दोन वेगळे कॅमशाफ्ट असतील तर चालत्या गाडीत एक दुसऱ्याच्या तुलनेत फिरवता येतो. १९८०मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या आल्फा रोमिओ स्पायडरमध्ये अशी सोय प्रथम आली. उभ्या गाडीत ओव्हरलॅप कमी, वेगात जास्त. डेट्रॉइटच्या व्ही-८ना हे सोपं नव्हतं, कारण त्यांचा कॅमशाफ्ट एकच, सगळे लोब त्याच दांड्यावर. २००८च्या डॉज व्हायपरनं तेही केलं: एका पोकळ दांड्यात दुसरा दांडा, आणि आतल्याला जोडलेले लोब बाहेरच्यांच्या तुलनेत फिरतात. ज्या कोनासाठी इस्केंडेरियनच्या पिढीनं दांड्यांवर दांडे घासले, तो आता गाडी चालता चालता बदलू लागला.

माझी नोकरी या शेवटच्या टप्प्यातली. आमच्या खोलीत 'मिसिंग' हा आकडा होता. शंभर आवर्तनांत दाब किती कमीजास्त झाला, त्याची टक्केवारी. ती खाली आणायची. दोन्ही दारं किती अंश एकत्र उघडी ठेवायची हे मी माउसनं ठरवत असे. थोडा ओव्हरलॅप मुद्दाम ठेवतातसुद्धा: थोडा जळका वायू मागे आला की ज्वलन थंडावतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात. ज्या गोष्टीला शिव्या दिल्या, तीच मापात घेतली तर औषध.

आवाज मागे उरतो

म्हणजे ताकदीसाठी लोपची गरज संपली. आवाजाची हौस मात्र संपली नाही. उलट ताकदीपासून सुटा झाल्यावर तो आवाज अधिकच मौल्यवान झाला. मेम्फिसच्या कॉम्प कॅम्सनं 'थंपर' नावाची कॅमची मालिका काढली. तिचं मुख्य आकर्षण लंगडा आवाज. त्याहून पुढची गंमत म्हणजे 'घोस्ट कॅम'. यात कॅम बदलतच नाहीत. संगणकातले ठिणगीचे आणि इंधनाचे आकडे असे बिघडवतात, की निरोगी इंजिन लंगडल्यासारखं ऐकू येतं. जे बरं करायला आम्ही महिने घालवले, ते पैसे देऊन पुन्हा आजारी पाडायचं! आणि डॉजनं विजेच्या चार्जरला स्पीकर आणि नळ्या बसवून व्ही-८ची आठवण देणारा आवाज दिला. तिथे ना लोब, ना व्हॉल्व्ह, ना पेट्रोल.

याला हसणं सोपं आहे. आपल्याकडे पोलिसांनी बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो आले की मीही टाळ्या वाजवणाऱ्यांतलाच. तरी थंपर आणि थर्टी-थर्टी यांत फरक करायला हवा, असं मला वाटतं. दुसऱ्यात आवाज हा कशाचा तरी पुरावा होता. कुणीतरी एक निवड केली होती, वेगात असताना मिळण्यासाठी उभं असताना गमावायचं ठरवलं होतं, आणि तो सौदा कानांना ऐकू येत होता. पहिल्यात सौदा गेला, पावती उरली.

दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. १९९५पासून. मी तिथे बरेचदा गेलो आहे. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात, म्हणजे हजारो इंजिनं आपल्या सर्वांत वाईट अवस्थेत. आवाज अंगात शिरतो. आणि अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात. कन्व्हर्टर नसलेल्या गाड्यांच्या मागे उभं राहिलं की १९४३मध्ये लॉस एंजेलिसच्या लोकांना कसलं रडू आलं असेल त्याची पुसटशी कल्पना येते. तिथे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या बालपणी हा वास रोजचा होता. त्यांच्या नातवंडांना तो वर्षातून एक दिवस, जत्रेतल्या धुरासारखा. या बदलाचं श्रेय ज्यांना जातं त्यांच्या नावानं मिरवणुका निघत नाहीत. हागेन-स्मितचं नाव त्या रस्त्यावर मी कधी ऐकलं नाही.

कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. काही थोड्या गाड्या लंगडत राहू द्याव्यात, खऱ्या कॅमवर, खऱ्या कोनावर. आणि बाकीच्या कोट्यवधींनी गुपचूप, न अडखळता चालावं. पुण्याच्या एखाद्या गॅरेजातला मेकॅनिक हे सगळं न वाचताही बरोबरच बोलतो: मिसिंग म्हणजे पेट्रोल फुकट चाललंय, आधी ते बंद कर.